वाचायचं कुठे, ठेवायचं कुठे

सॉफ्टवेअरचं मॅन्युअल कुणी वाचत नाही. हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, छापणाऱ्याला ठाऊक असतं आणि ज्यानं वाचायचं त्याला तर सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं. तरीही ते नेमकं कोणत्या रूपात वाचायचं नाही, याची निवड मात्र आपल्यापुढे मोठ्या अदबीनं ठेवली जाते. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ असते: इथेच ऑनलाइन वाचा, पीडीएफ घ्या, ईपब घ्या, नाहीतर सगळी पानं झिपमध्ये बांधून घरी न्या. पायथॉन या संगणकाच्या भाषेचं डॉक्युमेंटेशन उतरवून घ्यायला जावं, तर पीडीएफ, एचटीएमएल, साधा मजकूर, ईपब आणि टेक्सइन्फो नावाचं एक प्रकरण असे सगळे ओळीनं उभे असतात. मजकूर तोच, उदाहरणं तीच, न समजणारी वाक्यंही तीच. नाटक एकच, प्रयोग पाच थिएटरांत, आणि प्रेक्षक एकाही ठिकाणी नाही, असा हा मामला आहे. तरी अशा पानावर मी बराच वेळ रेंगाळतो. वाचण्यापेक्षा कसं वाचावं याचा विचार करणं केव्हाही सुखाचं असतं, आणि त्या सुखाला विद्याव्यासंगाचा वास येतो, हा वर नफा.

पोस्टग्रेस नावाचं एक डेटाबेसचं सॉफ्टवेअर आहे. त्याचं मॅन्युअल याहूनही हळवं. त्याच्या पीडीएफच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात, एक ए-फोर मापाची आणि दुसरी अमेरिकेत चालणाऱ्या लेटर मापाची. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच, रुंदीला जेमतेम सहा मिलिमीटर जास्त आणि उंचीला साधारण अठरा मिलिमीटर कमी. ग्रंथ दोन हजारांहून अधिक पानांचा. तो घरी छापून काढणारा वीरपुरुष पृथ्वीच्या पाठीवर असलाच, तर त्याचा समास कापला जाऊ नये म्हणून कुणीतरी जिवाला इतका घोर लावून घेतला आहे. आमच्या बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे ए-फोरचीच रिमं असतात, ही गोष्ट सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसानं आधीच हिशेबात धरली, या विचारानं मला उगाचच भरून येतं. माझ्या मापाचा इतका विचार सोयऱ्याधायऱ्यांनीही केलेला नाही. आहेरात आलेले शर्ट कपाटात साक्षीला आहेत.

आमची बाजारपेठ म्हणजे खंडाळ्याची. हे सिनेमातलं खंडाळं नव्हे. ते लोणावळ्याच्या शेजारचं, धुक्याचं आणि मधुचंद्राचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, कांद्याचं आणि महामार्गाचं. पुण्याहून निघालं की नीरा नदी ओलांडल्यावर शिरवळ लागतं, मग आम्ही, आणि आमच्या पुढे खंबाटकी घाट. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आमच्याच तालुक्यात आहे. दर ३ जानेवारीला तिथे माणसांची रीघ लागते. तरीही परगावी कुठे ‘खंडाळ्याचा’ अशी ओळख करून दिली, की समोरचा डोळे किलकिले करून हवेची चौकशी करतो. हवा बरी आहे, असं मी सांगतो. रेंजची चौकशी केली असती तर उत्तर लांबलं असतं.

खंबाटकीची वर्षानुवर्षांची गंमत अशी, की साताऱ्याकडे जाणारा घाट चढून जायचा आणि साताऱ्याहून पुण्याकडे येणारा बोगद्यातून यायचा. जाणाऱ्याला आभाळ, येणाऱ्याला अंधार. एसटी बोगद्यात शिरली, की मोबाइलवर बोलणारे सगळे एकाच सुरात ‘हॅलो, हॅलो’ म्हणतात आणि मग एकदमच गप्प होतात. कुणाचा सौदा अर्धवट राहतो, कुणाचं भांडण, कुणाचं गाणं अंतऱ्याच्या उंबरठ्यावर थबकतं. तेवढ्या वेळापुरती अख्खी गाडी ऑफलाइन असते, आणि माणसं आपल्या शेजारी कोण बसलं आहे हे पहिल्यांदाच पाहतात. उजेड आला की पुन्हा जो तो आपापल्या खिडकीत. बाकी गावातल्या जोडणीचं म्हणाल, तर ती रस्ता खोदणाऱ्या जेसीबीच्या मर्जीवर. त्याचा दात जमिनीखालच्या केबलला लागला, की ऑनलाइन ज्ञान ऑनलाइनच राहतं आणि आपण इकडे. वर लाइट गेली की प्रश्नच मिटतो. मग उतरवून ठेवलेली पीडीएफही लॅपटॉपची बॅटरी असेतोवरच आपली.

आषाढीच्या आधी ज्ञानोबांची पालखी नीरेत पादुकांचं स्नान करून आमच्या तालुक्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या दिवशी लोणंदात फोन लावून दाखवावा! एवढ्या मोठ्या जनसमुदायाला पुरे पडेल असा टॉवर अजून उभा राहायचा आहे. बाहेरगावचे हौशी फोटोवाले हात उंच करून रेंज धुंडाळत असतात, आणि त्यांच्या काखेखालून वारकरी हरिपाठ म्हणत पुढे जातात. त्यातल्या कित्येकांच्या पिशवीत हरिपाठाची चिमुकली पुस्तिका असते, पण ती बहुधा उघडली जात नाही. ती सोबतीला असते. ऑनलाइन की डाउनलोड, अशा वादात पडलेल्या माझ्यासारख्याला हा तिसरा प्रकार पाहून ओशाळायला होतं. त्याला चार्जर लागत नाही, आवृत्ती बदलत नाही, आणि कागद ए-फोर आहे की लेटर हे कुणी विचारत नाही.

सॉफ्टवेअरच्या जन्मकाळी असल्या निवडीचा घोळ नव्हता. युनिक्स या संगणकप्रणालीचं पहिलं मॅन्युअल निघालं ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेचं. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते लिहिलं. प्रत्येक आज्ञेची माहिती ठरलेल्या क्रमानं: आधी नाव, मग ती कशी लिहायची, मग ती काय करते, आणखी कुठे पाहावं. शेवटाकडे ‘बग्स’ असा मथळा, म्हणजे या गोष्टीत काय काय दोष आहेत ते लिहिणाऱ्यानंच सांगून टाकायचं. आणि सगळ्यांत शेवटी मालक कोण, ते. माझं हे अपत्य, त्याच्यात हे हे अवगुण, तक्रार असेल तर माझ्याकडे या. लग्नाच्या बाजारात इतक्या सचोटीचा बायोडेटा कुणी पाहिला नसेल. मालकाचा रकाना पुढे गळून गेला, दोषांचा मात्र राहिला. आजही लिनक्सच्या संगणकावर ‘मॅन’ लिहून पुढे हव्या त्या आज्ञेचं नाव दिलं, की हेच वळण राखून लिहिलेली पानं संगणकाच्या पोटातूनच वर येतात. त्यांना इंटरनेट लागत नाही. ज्या यंत्राविषयी ती बोलतात, त्याच्याबरोबरच ती आलेली असतात. ही गोष्ट दिसायला साधी आहे, पण ती मी जरा बाजूला काढून ठेवतो. पुढे लागणार आहे.

मधल्या काळात मॅन्युअलं खोक्यांतून आली, सीड्यांतून आली. १९९३ मध्ये अडोबीनं पीडीएफ आणलं आणि कागदावरचं पान पडद्यावर जसंच्या तसं दिसायला लागलं, पानाच्या क्रमांकासकट. १९९७ मध्ये सीएचएम नावाचा एक प्रकार आला. सगळं मॅन्युअल एका फाइलीत, डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे मजकूर, वर शोधायची सोय. गावात इंटरनेट मोजूनमापून मिळायचं त्या दिवसांत पुण्यातला मित्र ईमेलनं असली फाइल पाठवायचा, आणि ती उतरली की आम्ही तिच्याभोवती गोळा व्हायचो. फाइल उघडायची. डावीकडे प्रकरणांची सुबक यादी झळकायची. एखाद्या प्रकरणावर क्लिक करावं तर उजवीकडे पांढरंशुभ्र पान, फार तर पान उघडता आलं नाही अशी एक ओळ. दुसरं प्रकरण, तेही तसंच. सगळं काही कुठे आहे ते सांगणारं आणि काहीच न देणारं ते मॅन्युअल पाहून आम्ही एकमेकांकडे बघत राहायचो. कारण नंतर कळलं. फाइल इंटरनेटवरून आलेली, म्हणून संगणकानं तिच्यावर परकेपणाचा शिक्का मारलेला. तिच्या गुणधर्मांच्या खिडकीत जाऊन ‘अनब्लॉक’वर एकदा टिचकी मारली, की सगळी पानं भराभरा बोलायला लागायची. नवी सून मोकळी व्हायलाही याहून जास्त दिवस लागतात. पण ती टिचकी कुठे मारायची हे मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तर ते उजवीकडच्या पानावर असणार, आणि उजवीकडचं पान पांढरं.

एकदा उतरवून घेण्याची चटक लागली, की माणूस सुटत नाही. डाउनलोड पूर्ण झाल्याची बारीकशी खूण उमटते आणि मनात असं काही शांत होतं, की जणू ग्रंथ वाचूनच झाला. संगणकातला ‘डाउनलोड्स’ नावाचा कप्पा म्हणजे आपल्या सदिच्छांचं संग्रहालय असतं. तिथे एकाच मॅन्युअलच्या शेजारीशेजारी प्रती असतात, नावापुढे कंसात एक, कंसात दोन, कंसात तीन. दर खेपेला आपण नव्यानं निश्चय केला होता, याचा तो पुरावा. ऑनलाइन वाचणाऱ्याजवळ एवढाही पुरावा नसतो. त्याच्याजवळ असतात ब्राउझरच्या उघड्या खिडक्या, इतक्या अरुंद झालेल्या, की कुठल्या खिडकीत काय होतं ते तिचं तिलाही सांगता येऊ नये. एक जण साठवतो म्हणून वाचत नाही, दुसरा कधीही मिळेल म्हणून वाचत नाही. दोघांचंही अज्ञान सारखंच, फक्त साठवण्याच्या जागा वेगळ्या.

घाट उतरला की सुरूर फाट्यावरून वाई. मराठीतला सगळ्यांत मोठा संदर्भग्रंथ तिथे तयार झाला, हे आमच्या शेजारधर्माचं भाग्य. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक असताना १९७६ मध्ये मराठी विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. विसावा खंड आला २०१५ मध्ये. तो पाहायला शास्त्रीजी नव्हते, १९९४ मध्येच ते गेले. म्हणजे एकाच कोशात वर्णमालेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना जग ३९ वर्षांनी म्हातारं होतं. ज्याचं नाव सुरुवातीच्या अक्षरांत, त्याची नोंद सत्तरच्या दशकातली. ज्याचं नाव शेवटाकडे, त्याचं नशीब थोर. बिचाऱ्या इंटरनेटचं नाव ‘इ’नं सुरू होतं, आणि ‘इ’चा खंड त्याची चाहूल लागण्यापूर्वीच छापून बांधून कपाटात गेलेला. ही कपाटंही मला आठवतात. काचेची दारं, आत मापात उभे असलेले जाडजूड खंड, आणि किल्ली अशा एका माणसाकडे, जो नेमका आत्ताच बाहेर गेलेला असायचा. ज्ञान पूर्णपणे ऑफलाइन होतं, आणि तरीही उपलब्ध नव्हतं.

आता तोच विश्वकोश इंटरनेटवर आहे, युनिकोडमध्ये, फुकट. घाटात गाड्यांची रांग लागलेली असताना मी मोबाइलवर त्यातली एखादी नोंद काढून वाचतो, तेव्हा किल्लीवाल्याची आठवण होते. पण नोंदी बहुतेक छापल्या होत्या तशाच आहेत. जुन्या खंडांतली लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची, आणि ती तशीच चकचकीत पडद्यावर येते. इथे मला पहिल्यांदा शंका आली, की आपण ज्याला ऑनलाइन म्हणतो त्याला ताजं समजायचं कारण काय? भाजी बाजारात मांडली म्हणून ती आजचीच तोडलेली, असं खंडाळ्यातलं शेंबडं पोरही मानणार नाही. आणि दुसरीकडे, १९७१ ची लोकसंख्या हवी असेल त्याच्यासाठी त्या नोंदीइतकं ताजं दुसरं काही नाही.

सॉफ्टवेअर मराठीतून शिकवण्याचा एक जिव्हाळ्याचा उद्योग आयआयटी मुंबईनं मांडला आहे. स्पोकन ट्युटोरिअल असं त्याचं नाव. लिनक्स, लिबरऑफिस, जिंप अशा मोफत सॉफ्टवेअरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, आणि भाषा आपल्या पसंतीची. पडद्यावरचा संगणक इंग्रजीच राहतो; त्याच्या मागून मराठी आवाज सांगत असतो, आता इथे क्लिक करा, आता ही खिडकी बंद करा. कसलीही घाई नाही, आवाज चढत नाही. मराठी माणसाला मराठीतून इतक्या शांतपणे कुणी काही समजावून सांगितल्याचे प्रसंग आयुष्यात थोडेच. हे करणाऱ्यांना आपला देश ठाऊक होता, म्हणून त्यांनी पाठ नुसते वेबसाइटवर ठेवून हात झटकले नाहीत. आपल्याला हवे ते विषय आणि हवी ती भाषा निवडून सगळा गठ्ठा उतरवून घ्यायचा, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर भरायचा, आणि इंटरनेट नसलेल्या कॉलेजच्या लॅबमध्ये लावून द्यायचा, अशी सोय करून ठेवली. निवड म्हणावी ती अशी. ज्याच्याकडे नळ आहे त्यानं नळाचं प्यावं, ज्याच्याकडे नाही त्यानं घागर भरून न्यावी, आणि दोघांनाही पाणी तेच.

हे सगळं मनात घोळत असताना मी एकदा लोणंदच्या एका आडत दुकानात संगणकाच्या कामासाठी गेलो होतो. कांद्याचे ट्रक, हमालांचे आवाज, हवेत कांद्याच्या सालांचा तो उडता सोनेरी कचरा. आत गाळ्यात दिवाणजी. वय झालेलं, चश्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, पण तोलाई, हमाली, बारदान वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढायला बसले की कळफलकावर बोटं अशी फिरायची की बघत राहावं. हिशेबाचं सॉफ्टवेअर कित्येक वर्षांपूर्वीचं. ते बनवणाऱ्यांनी मागाहून नव्या आवृत्त्या काढल्या, दुकानानं काही घेतल्या नाहीत. कारण चालू गाड्याला खीळ कशाला? मालकांचा पुतण्या नुकताच बी.कॉम. होऊन गल्ल्यावर बसायला लागलेला. त्याला एका ठिकाणी अडलं. त्यानं मोबाइलवर त्या सॉफ्टवेअरचं ऑनलाइन मॅन्युअल काढलं आणि मोठ्यानं वाचलं, “मदतीसाठी एफ-वन दाबा.” दाबलं. मदत काही आली नाही, ‘कोणती पेढी उघडायची’ असं विचारणारी खिडकी आली. पुन्हा वाचलं, पुन्हा दाबलं, पुन्हा पेढी. मोबाइल बरोबर होता, नव्या आवृत्तीत मदत एफ-वनवरच होती. संगणकही बरोबर होता, जुन्या आवृत्तीत त्या बटणावर पेढीच होती. दोन खरं बोलणाऱ्यांच्या मध्ये सापडलेला तो पोरगा बघून मला त्याची दया आली.

दिवाणजींनी खण उघडला. आतून स्पायरल बांधणीचं एक पुस्तक निघालं, सॉफ्टवेअर घेतलं त्या वेळी पीडीएफवरून छापून घेतलेलं. कोपरे गोल झालेले, कव्हरवर चहाच्या पेल्याचं वर्तुळ. समासांत बॉलपेननं, सुवाच्य शाळामास्तरी अक्षरांत टिपणं होती. ‘इथे हो म्हणू नये.’ ‘पट्टी दोनदा छापली तर आधीची फाडावी.’ ‘३१ मार्चला बॅकअप, मगच जेवण.’ एका पानावर नुसतंच लिहिलं होतं, ‘हे खोटं आहे’, आणि खाली खरं काय ते. युनिक्सच्या त्या जुन्या पानांवर दोषांचा जो रकाना असायचा, तो दिवाणजींनी कुणी न सांगता आपल्या हातानं भरून काढला होता. मालकाचाही.

“दिवाणजी, नवं मॅन्युअल उतरवून देऊ का पेनड्राइव्हवर? चांगलं रंगीत आहे, चित्रांसकट,” मी विचारलं.

“चित्रं बेस असतील हो साहेब,” ते पान उलटत म्हणाले, “पर त्यातला रस्ता आमच्या दुकानात येतच न्हाई. ह्ये पुस्तक न् ह्यो कॉम्प्युटर एकाच साली आल्यात. दोगं एकमेकांला वळखत्यात.”

पुतण्याला हवं ते पान सापडलं. त्याची पट्टी निघाली. दिवाणजींनी त्या पानाच्या समासात आणखी एक ओळ लिहिली आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं, परत खणात ठेवायला. खण कुठला ते त्याला सांगावं लागलं नाही. त्याच क्षणी दुकानाच्या दारात कुणीतरी आजच्या कांद्याचा भाव विचारला, आणि दिवाणजींनी पुस्तकाकडे न बघता सरळ मोबाइल काढला. कालचा भाव आज कामाचा नाही, हे त्यांना सांगायला मॅन्युअल लागत नव्हतं.

इतके दिवस मी चुकीच्या तराजूत वजन करत होतो असं म्हणणार नाही, पण तराजूच्या दोन पारड्यांत आपण काय घालतो ते मला तिथे दिसलं. ऑनलाइन म्हणजे ताजं आणि उतरवून घेतलेलं म्हणजे शिळं, असं धरून आपण चालतो. मग ताज्याला मान द्यावा की हाताशी असलेल्याला, एवढाच वाद उरतो. पण मॅन्युअल ही काही स्वतंत्र वस्तू नाही. ते कशाचं तरी मॅन्युअल असतं. ज्याचं आहे ते जर माझ्या टेबलावर जुनंच बसलं असेल, तर माझ्यासाठी नवं मॅन्युअलच चुकीचं आणि जुनं अगदी ताजं. ऑनलाइन पानाला एक वाईट खोड आहे. ते रात्रीतून बदलतं आणि सकाळी असं काही साळसूदपणे उभं राहतं, की जणू पहिल्यापासून असंच होतं. उतरवलेल्या प्रतीला ती सोय नसते. तिच्या पहिल्याच पानावर आवृत्ती असते, साल असतं, आणि त्या सालापर्यंत आपल्याला एवढंच कळत होतं याची निमूट कबुली असते. म्हातारपणी ज्यांच्याबरोबर आपण शाळेत होतो ते मित्र का आवडतात, हे मला अशा प्रती चाळताना थोडंसं कळतं. त्यांना नवं काही माहीत नसतं, पण आपली जुनी बटणं कुठली ते त्यांना बिनचूक ठाऊक असतं.

अर्थात याचा अर्थ सगळंच छापून स्पायरल करावं असा नाही. जीएसटीचे नियम, सुरक्षेच्या दुरुस्त्या, एखाद्या वेबसाइटवर चालणाऱ्या सेवेची माहिती, या गोष्टी ऑनलाइनच वाचाव्यात. तिथे जुनी प्रत म्हणजे कालचा भाव. असली सेवा तिच्या मालकाच्या संगणकावर राहते, तो ती हवी तेव्हा बदलतो, म्हणून तिचं पुस्तकही त्याच्याच दारात वाचलेलं बरं. मात्र जे सॉफ्टवेअर आपल्या स्वतःच्या यंत्रात बसलं आहे आणि आपण हलवल्याशिवाय हलणार नाही, त्याचं मॅन्युअल आपल्याजवळ असावं. जाणती मंडळी याची काळजी घेतात. पोस्टग्रेसच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर हे कुठल्या आवृत्तीचं पान आहे ते लिहिलेलं असतं, आणि निवृत्त झालेल्या आवृत्त्यांची पुस्तकंही त्यांनी टाकून दिलेली नाहीत. इतर अनेक मॅन्युअलांच्या पानावर आवृत्ती बदलण्याची एक छोटी यादी कोपऱ्यात असते. आपली नजर पीडीएफ आणि ईपबच्या दुकानाकडे जाते, या यादीकडे जात नाही. खरी निवड तिथे असते.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. ज्या सॉफ्टवेअरवाचून तुमचं एक दिवस चालणार नाही, ते आज उघडा, त्याच्या ‘अबाउट’मध्ये जाऊन आवृत्तीचा आकडा बघा, आणि नेमक्या त्याच आकड्याचं मॅन्युअल उतरवून घ्या. पीडीएफ घ्या, ईपब घ्या, काय आवडेल ते घ्या. ए-फोर घ्या म्हणजे झेरॉक्सवाल्याशी वाद नको. पण फाइलीच्या नावात आवृत्ती आणि तारीख लिहा. ‘मॅन्युअल नवीन फायनल दोन’ असं लिहू नका.